पाटाच्या पाण्याचं माहेर

परत आल्यावर शाळेच्या शिक्षकखोलीत मला कुणी डोंगर कसा होता, पाणी कसं होतं, असं विचारलं नाही. पहिला प्रश्न आला तो, "खर्च किती आला?" प्रश्न चुकीचा नाही. नगरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारा मास्तर दिवाळीच्या सुट्टीत बायको आणि बहिणीला घेऊन भंडारदऱ्याच्या जंगलात तंबू ठोकून राहतो म्हटल्यावर लोकांना दोनच शक्यता दिसतात. एकतर त्याला कुठून तरी घबाड मिळालं असणार, नाहीतर त्याचं डोकं फिरलं असणार. तेव्हा आधी तेच सांगून टाकतो. एसटीची तिकिटं, होडी, जंगलखात्याची पावती, शिधा आणि वाटेतले चहा धरून आम्हा तिघांचा जो खर्च झाला, तेवढ्यात एक बऱ्यापैकी नऊवारी लुगडं आलं असतं. ही लुगड्याची तुलना माझी नाही, माझ्या बहिणीची. ती प्रत्येक मोठी रक्कम लुगड्यात मोजते.

ही माझी थोरली बहीण, अक्का. राहुरी तालुक्यात, पाटाच्या कडेला तिचं सासर. मूलबाळ नाही. मेव्हणे जाऊन दोन पावसाळे झाले. तेव्हापासून उसाचं रान ती एका गड्याच्या मदतीने एकटी सांभाळते. पाण्याची पाळी आली की कंदील घेऊन स्वतः बांधावर उभी राहते. माझी बायको कुमुद आणि मी, दोघांच्याही मनात होतं की अक्काने रान खंडाने लावून द्यावं आणि नगरला आमच्याकडे राहायला यावं. पण घरी हा विषय निघाला की ती उठून चुलीकडे जायची. म्हणून ठरवलं, भाऊबीजेला आली की तिला परस्पर भंडारदऱ्याला न्यायचं. तिथे ना तिचं रान, ना आमची चूल. चार दिवस मोकळ्या हवेत राहिली की आपलं म्हणणं निदान पुरतं ऐकून तरी घेईल.

हे सत्तर साल. मुलांना आजोळी धाडलं, शाळेतल्या स्काऊटच्या मास्तरांकडून जाड कॅनव्हासचा तंबू मागून आणला आणि निघालो.

शेंडी

अकोले सोडल्यावर जमीन बदलली. तोवर दोन्ही बाजूंना ऊस होता, अक्काच्या ओळखीचा. त्याच्या लागणीला, खोडव्याला नावं ठेवत ती मजेत होती. मग ऊस संपला. टेकड्या पुढे आल्या, भाताची खाचरं लागली, आणि उतारांवर हळद सांडल्यासारखी पिवळी फुलंच फुलं दिसायला लागली. अक्का खिडकीतून निम्मी बाहेर.

"बापू, ह्ये पिवळं काय रं? करडई न्हाई ही."

मला कुठलं ठाऊक! कंडक्टरच म्हणाला, "खुरासनी हाय, आजी. तेल काढत्यात."

"आजी कुनाला म्हनतो रं?" अक्काने डोळे वटारले. पण फुलांवरची नजर काही हलली नाही.

शेंडी हे धरणाच्या अंगाखांद्यावरचं गाव. उतरलो तेव्हा उन्हं कलली होती आणि हवेत चांगलाच गारवा होता. टेकाडावर पाटबंधारे खात्याचा बंगला आहे. समोर बाग, पलीकडे पाणी, मागे डोंगर. जाणाऱ्यांच्या माहितीसाठी सांगतो, तिथे राहायचं तर आधी कचेरीचं पत्र लागतं, आणि पत्र असलं तरी कुणी साहेब आला तर खोली साहेबाची. चौकीदार भला माणूस होता. त्याने दरही सांगितला. तो ऐकून कुमुदने माझी बाही हलकेच ओढली आणि आम्ही टेकाड उतरलो.

खरी फजिती खाली कळली. तंबूचं कापड आमच्याजवळ होतं, पण काठ्या आणि खुंट्यांची पिशवी एसटीच्या टपावरच राहिली होती आणि गाडी पुढे निघून गेली होती. एका खानावळवाल्याने ओसरीवर पथारी टाकू दिली. अक्का घोंगडी ओढून घेत म्हणाली, "तंबूबिगर तंबूत राहायला निघालाय माझा भाऊ." कुमुद उशीत तोंड खुपसून हसत होती.

रतनवाडी

सकाळी होडीने पलीकडे निघालो. धरणाच्या पाण्याचा एक लांब हात डोंगरांच्या आत शिरला आहे आणि त्याच्या टोकाला रतनवाडी. पाण्यावर इतकं दाट धुकं होतं की वल्ह्याचं टोक दिसत नव्हतं. नुसता चुबुक-चुबुक आवाज. मग ऊन आलं. धुकं एका बाजूने गुंडाळत गेलं आणि एकदम सगळंच समोर आलं. काळेभोर कडे, त्यांच्या माथ्यावर पिवळं पडलेलं गवत, पायथ्याला रान, आणि हे सगळं पुन्हा उलटं पाण्यात. आम्ही तिघंही माना वळवून वळवून बघत होतो. होडीवाल्याने वल्हं थांबवलं. रोज पाहणारा माणूस, पण त्यालाही आमची अवस्था समजली असावी.

अक्काने हळूच हात पाण्यात बुडवला.

"ह्ये पानी खाली कुटं जातं?"

"धरनातनं नदीत, नदीतनं पाटात. संगमनेर, राहुरी, पार तिकडं," होडीवाला म्हणाला.

"म्हंजी आमच्या पाटाचं पानी ह्येच?"

"ह्येच की."

बराच वेळ तिचा हात पाण्यात होता. मग म्हणाली, "दर उन्हाळ्याला मी पाटकऱ्याशी भांडते. त्यो म्हनतो, वर पानीच न्हाई. खोटारडा मेला." पण रागाचा पत्ता नव्हता. जन्मभर जे पाणी चार हात रुंद पाटातून, पाळीपाळीने, भांडणातंट्याने तिच्या वाफ्यात आलं, ते इथे डोंगरापासून डोंगरापर्यंत निवांत पसरलेलं होतं. मी फळ्यावर धरणाची आकृती कितीदा काढली असेल. त्या आकृतीत हे काहीच नव्हतं.

रतनवाडीच्या तोंडाशी जंगलखात्याची चौकी. तिथले गार्ड गंगाराम, खाकी सदरा, पिकल्या मिशा. पावतीपुस्तक उघडून त्यांनी दर सांगितले. माणशी आठ आणे प्रवेश, तंबूचे रोजचे दोन रुपये, चूल पेटवणार असाल तर लाकूडफाट्याचे वेगळे. मी पाकीट काढलं, तोच अक्का पुढे झाली.

"कशाचं पैसं?"

"ऱ्हायाचं, मावशी. जंगल सरकारी हाय."

"आमी झाडाखाली झोपनार. झाड सरकारनं लावलं व्हय?"

"लावलं न्हाई," गंगाराम शांतपणे म्हणाले, "पर राखलं. न्हाईतर आज झोपायला झाडच नसतं."

अक्काने वर झाडाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "पाटाच्या पान्याची पट्टी मी दरसाल भरते. आता त्येच पानी बघायचं बी भरायचं?"

"पानी बघायला फुकट हाय. बघत बघत निजला तर पैसं."

"आन् ह्या पैशाचं काय हुतं?"

"वर जात्यात."

"वर म्हंजी? गडावर?"

"गडावर न्हाई. तुमच्या नगरला." आता मिशीतून हसू फुटलं. अक्कालाही हसू आलं आणि मी पैसे देऊन टाकले.

तंबूची जागा नदीच्या काठी, जुन्या काळ्या दगडी देवळाच्या पलीकडे. त्या देवळाविषयी लिहायला बसलो तर दुसरं काही लिहून होणार नाही. एवढ्या आडबाजूच्या रानात कुणी इतकं नाजूक कोरीव काम करत बसलं असेल, आणि कुणासाठी, हेच मनात येत राहतं. कुमुद एका खांबापाशी उभी राहिली ती हलेचना. इकडे मी कापड अंथरून त्याच्याकडे बघत बसलो होतो. गंगाराम चक्कर मारायला आले.

"काठ्या?"

मी एसटीची हकिकत सांगितली.

"जंगलातली तोडू नका. दंड हाय," ते म्हणाले, आणि उभेच राहिले. त्यांनाही वाईट वाटत असावं.

डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई नदीवरून वर येत होती. कपाळावर गोंदण, लुगडं गुडघ्याशी खोचलेलं, वयाने अक्कापेक्षा थोडी लहान. तिने आमचा जमिनीवर लोळणारा तंबू पाहिला आणि तिला इतकं हसू आलं की हंडा खाली ठेवावा लागला. तिचं नाव हिराबाई. घरी गेली आणि परसातल्या बेटातले दोन वाळके बांबू घेऊन आली. गंगारामांनी बांबूंची टोकं चाचपून पाहिली, "घरचं हायती," म्हणाले आणि गेले. तिने आणि अक्काने मिळून तंबू उभा केला. मी दोर धरला.

त्या संध्याकाळी जेवण हिराबाईकडे. कारवीच्या कुडाचं, शेणामातीने सारवलेलं घर, अंगणात भाताचं खळं, तिचा नवरा पेंढ्या झोडत होता. नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, वरईचा भात आणि खुरासणीची काळी चटणी. आमच्याकडे बाजरीच्या भाकरीबरोबर कांदा फोडतात, इथे ही चटणी. अक्काने चटणी दोनदा मागून घेतली आणि कशी करतात तेही विचारून घेतलं. मग गोठ्यात शिरली. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेल्या डांगी गाईंच्या पाठीवरून तिने हात फिरवला आणि म्हणाली, "अगं, हिला तेल लावलंय का?"

"न्हाई बाय. कातडंच तसं हाय. पावसाचं पानी अंगावर थांबत न्हाई. हितला पाऊस तुमच्याकडच्या गाईला सोसनार न्हाई."

बोलता बोलता कळलं की हिराबाईलाही जंगलखात्याचे पैसे भरावे लागतात. चराईचे, जनावरामागे. अक्का माझ्याकडे वळली. "बापू, आपन दोन दिसांचं भरलं. ह्या जलमभर भरत्यात." मग पिशवीतून घरच्या गुळाचा मोठा खडा काढून तिने हिराबाईच्या हातावर ठेवला. हिराबाईने तिथेच एक कण तोडून तोंडात टाकला, डोळे मिटले आणि बाकीचा नवऱ्याला नेऊन दिला.

तंबूकडे परतताना मी विषय काढला. "अक्का, आता तू नगरला ये. एकटीने किती दिवस ओढणार?"

ती म्हणाली, "आदी गड बघू."

रतनगड

गडावर घेऊन जायला हिराबाईच आली. कुमुदने पैशांचं विचारलं तर म्हणाली, "वाट काय माझ्या बापाची हाय?" खांद्यावर कोयती, पायात काही नाही.

सुरुवातीला वाट नदीच्या पात्रातूनच जाते. हीच प्रवरा. आमच्याकडे जिच्यावर मोठा पूल आहे ती इथे धोंड्यांमधून उड्या मारणारी पोर होती. आम्ही तिला इकडून तिकडे इतक्या वेळा ओलांडली की चपला काढणं सोडून दिलं. मग रान लागलं. मी तोवर जंगल हा शब्द पुष्कळ वापरला होता. नगरच्या पोराला बाभळी दाट झाल्या तरी जंगल वाटतं. इथे ऊन जमिनीपर्यंत पोचत नव्हतं. झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ, हाताएवढ्या जाड वेली, आणि कुठल्याशा पाखराची शीळ, अगदी माणसाने घालावी तशी. ती थांबली की आपण काहीतरी मोडलं असं वाटायचं. अक्का हळू आवाजात बोलायला लागली. देवळात बोलतो तसं.

रानाच्या वर कडा, आणि कड्याला लोखंडी शिड्या. पहिली सहज चढलो. दुसरी जास्त उभी, आणि तिची मधली एक पायरी गळून पडलेली. हिराबाई वर गेली, मागून कुमुद. मग अक्का. तिने चपला कमरेला खोचल्या होत्या. मी तिच्या खाली. गळालेल्या पायरीपाशी अक्का थांबली. एक पाय पायरीवर, दुसरा हवेत.

"अक्का, वर टाक पाय."

तिचा घोटा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि तो जागचा हलेना. तिने खाली पाहिलं होतं. मी पुन्हा हाक मारली. पन्नाशीच्या बाईला मी कुठे आणून उभं केलं, एवढं एकच डोक्यात घुमत होतं. मागे रान होतं, पण ते पार खाली, झाडांचे शेंडे हिरव्या गवतासारखे.

वरून हिराबाई पालथी पडली आणि तिने मान कड्याबाहेर काढली. "बाय, नाव काय गं तुजं?"

अक्काने शिडी आणखी घट्ट धरली.

"काल जेवली माझ्या घरी आन् नाव बी सांगितलं न्हाई. काय नाव?"

"भागीरथी," अक्काच्या तोंडून कसंबसं आलं.

"कुनी ठिवलं?"

"आत्यानं."

"कशी हुती आत्या? गोरी का काळी?"

"काळी," अक्का म्हणाली. "लई तापट. मला कडेवर घिऊन पार मळ्यातनं..." आणि बोलता बोलता तिचा हवेतला पाय वरच्या पायरीवर गेला. हिराबाईने हात खाली घातला, मनगट धरलं आणि ओढून घेतलं. मी वर पोचलो तेव्हा अक्का कातळाला टेकून बसली होती आणि तापट आत्याची गोष्ट पुरी करत होती, कारण हिराबाईला ती खरोखरच ऐकायची होती. कुमुदचा चेहरा मात्र पांढराफटक होता. माझाही असणार.

माथ्यावर पठार आहे, त्यात कातळात खोदलेली पाण्याची टाकी. त्यांपैकी एकापाशी हिराबाई थांबली. टाक्याच्या काठावरून पाण्याची बोटभर धार ओघळत होती, गवतातून वाट काढत उताराला लागत होती.

"ही बाय तुजी नदी."

अक्काला समजलं नाही.

"प्रवरा. हितनं निघती म्हनत्यात."

अक्का खाली बसली. तिने धारेत करंगळी धरली, मग तळवा धरला. धार अडली, जमली आणि बोटांवरून पलीकडे गेली. ती उठली, लुगडं किंचित उचललं आणि एका पावलात प्रवरा ओलांडून पलीकडे गेली. तिथे उभी राहून आमच्याकडे बघू लागली. चेहऱ्यावर लहान मुलीसारखं नवल. "येवढीशी?" म्हणाली. मग पुन्हा, जरा वेळाने, स्वतःशीच, "येवढीशी."

गडाच्या वरच्या कण्याला नेढं आहे. नेढं म्हणजे डोंगराच्या धारेला आरपार पडलेलं मोठं भोक. दहा माणसं सहज आत बसतील. आम्ही रांगत आत गेलो आणि वाऱ्याने आम्हाला अक्षरशः मागे ढकललं. एका बाजूला पाहिलं तर जमीनच नाही. कडा सरळ तुटलेला, खूप खाली निळसर धुरकट कोकण, रेघेसारखे ओढे. दुसऱ्या बाजूला आम्ही आलो तो सगळा मुलूख. डोंगरांच्या रांगांवर रांगा, आणि त्यांच्या मधोमध बोटं पसरलेल्या हातासारखं धरणाचं पाणी. मी वर्गात सांगतो की हे डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झाले. ते थर समोर दिसत होते, वहीच्या रेघांसारखे सरळ, या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत. ते वाक्य मी किती सहज बोलत आलो होतो! माझ्या अंगावर काटा आला. थंडीने म्हणावा तर ऊन चांगलं होतं.

अक्का वाऱ्यात पदर दाबून बसली होती. म्हणाली, "बापू, येवढं हुतं हितं, आन् आमी जलमभर पाटाच्या कडंला बसलो. कुनी सांगितलं बी न्हाई."

हिराबाईने पाण्याकडे बोट केलं. "त्या तितं, त्या टेकाडाच्या अलीकडं, पान्याखाली माझ्या आजीचं शेत हाय."

"पान्याखाली?"

"धरन झालं तवा गेलं. भाताचं रान हुतं, लई पिकायचं म्हनत. उन्हाळ्यात पानी उतरलं की बांध दिसत्यात अजून. आजी दाखवायची मला, ह्यो आपला, ह्यो त्यांचा."

"सरकारनं पैसं दिलं?"

"दिलं असतील. म्हाताऱ्यानी घेतलं, खाल्लं, सरलं. मंग डोंगराला नाचनी लावाया लागलो."

वारा मध्येच पडला. अक्का पाण्याकडे बघत राहिली, आणि मग तिने जे म्हटलं ते मला कुठल्याच वर्गात सुचलं नसतं. "म्हंजी माझ्या उसाच्या बुडाशी तुझ्या आजीचं शेत हाय."

हिराबाईने विचार केला आणि खळखळून हसली. "म्हनूनच गूळ येवढा गोड लागला व्हय!"

अक्का हसली नाही. तिने हिराबाईचा हात धरला आणि नेढ्यातून निघेपर्यंत सोडला नाही. पाण्याच्या पट्टीबद्दल, पावतीबद्दल, जागेच्या भाड्याबद्दल आम्ही आदल्या दिवशी केवढी चर्चा केली होती! इथे बसल्यावर ती आठवून मला ओशाळल्यासारखं झालं. त्या पाण्याची खरी किंमत चुकवलेली बाई शेजारी बसून गवताची काडी चावत होती, आणि तिच्या मनात कुणाविषयी कडूपणा नव्हता. निदान मला तरी दिसला नाही.

उतरताना शिडीवर अक्का सगळ्यांच्या आधी गेली.

परतताना

निघायच्या दिवशी सकाळी तंबू उतरवला. कापड दवाने इतकं जड झालं होतं की घडी पडेना. गंगाराम मदतीला आले. अक्का त्यांना म्हणाली, "झाडं राखा बरं का." ते म्हणाले, "राखतो की. पुढच्या बारीला काठ्या आना." बांबू परत करायला गेलो तर हिराबाईने शिंकाळ्यातून नाचणीचं पीठ काढून कुमुदच्या पिशवीत ओतलं. नको म्हणायची सोयच ठेवली नाही.

"पौषात माझ्याकडं गुऱ्हाळ लागतं," अक्का तिला म्हणाली. "तू यायचंस. धन्याला घिऊन यायचंस. एसटी पाटापातूर येती."

"येवढ्या लांब?"

"मी आले न्हाई?"

होडीत अक्का माझ्यासमोर बसली. धुकं नव्हतं, रतनगडाचं नेढं लांबून सुईच्या भोकासारखं दिसत होतं. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "तू मला कशाला आनलंस त्ये मला पयल्या दिशी कळलं हुतं, बापू."

मी कुमुदकडे पाहिलं. कुमुद पाण्याकडे बघत होती.

"मी न्हाई येत नगरला. राग मानू नगंस. तिथं तुमी दोगं शाळा-घर करनार आन् मी खिडकीतनं रस्ता बघनार. हितं मला कळलं तरी, त्या वाफ्यात काय येतंय, कुटनं येतंय. आता पाळीला उभी ऱ्हायले तर मला ठावं असंल."

"आणि आजारी पडलीस तर?"

"तर येईन. पडले तर. आज धड हाय मी. काल तुझ्या आदी शिडी उतरले."

मनाची तयारी केली होती ती तिला समजावण्याची, तिचं ऐकून घ्यायची नव्हे. पण खरं सांगायचं तर त्या होडीत मला वाईट वाटलं नाही. मेव्हणे गेल्यापासून मी तिला इतकं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं. कुमुद म्हणाली, "मग दर उन्हाळी सुट्टीत मुलं तुमच्याकडे पाठवते." अक्का म्हणाली, "धाड. पवायला शिकवते पाटात."

हे सगळं लिहायचं मी लांबणीवर टाकलं होतं. पण पौषात गुऱ्हाळाला अक्काकडे गेलो आणि तिथे जे पाहिलं त्यामुळे लिहायला बसलो.

चुलाण पेटलं होतं, कढई खदखदत होती, सगळ्या रानात रसाचा वास. दुपारच्या एसटीने हिराबाई आणि तिचा नवरा उतरले. आयुष्यात पहिल्यांदा राजूरच्या, म्हणजे त्यांच्या बाजारगावाच्या, खाली आले होते. हिराबाईच्या डोक्यावर खुरासणीच्या तेलाची बाटली बांधलेलं गाठोडं. एसटीतून उतरून ती तशीच उभी राहिली. गूळ, ऊस, कढई, कशाकडे तिचं लक्ष नव्हतं.

"बाय, डोंगर कुटं गेलं गं?"

अक्का म्हणाली, "हितं न्हाईतच."

"येक बी न्हाई?" हिराबाई जागच्या जागी सावकाश पूर्ण फिरली. चारी बाजूंना सपाट जमीन, ऊस, पुन्हा ऊस, आणि त्यापुढे नुसतं आभाळ टेकलेलं. तिने नवऱ्याचा दंड घट्ट धरला. "मला गरगरतंय," म्हणाली. "येवढं उघडं! मानूस जाऊन जाऊन कुटं थांबत आसंल?"

अक्काने तिला पाटावर नेलं. पाणी भरून चाललं होतं. दोघी काठावर पाय सोडून बसल्या. पण हिराबाई पाण्याकडे पाहतच नव्हती. सूर्य कललेला होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. त्यांच्याकडे तो दुपार टळली की डोंगराआड जातो. इथे तो उतरतच चालला होता, मोठा होत, तांबडा होत.

"ह्यो जातो कुटं?"

"जमिनीत. बग तू."

तो जमिनीला टेकला. उसाच्या शेंड्यांतून लाल उजेड आडवा आला आणि पाटाचं पाणी, दोघींची तोंडं, सगळं तांबूस झालं. मग तो अर्धा राहिला, मग नखाएवढा. हिराबाईने तोंडावर हात ठेवला होता. मी कढईकडून गरम गुळाची वाटी घेऊन आलो होतो ती हातातच धरून मागे उभा राहिलो. शेवटची लाल कड गेली तेव्हा ती अक्काकडे वळून म्हणाली, "भागीरथे, खरंच की गं, जमिनीतच गेला!" आणि अक्का, जिने ते रोज पाहिलं होतं, तिकडे बघतच राहिली.